महानायकांचे प्रकाशक आणि मालकाचे उत्तरदायित्व

अमेरिकेतील ‘डीसी कॉमिक्स’ ही सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वूमन या पात्रांची प्रकाशनसंस्था. या संस्थेतील सुपरमॅन गटाचे संपादक एडी बर्गान्झा यांच्यावर अनेक स्त्रियांनी केलेल्या लैंगिक छळाच्या आरोपांचा वृत्तांत ‘बझफीड न्यूज’ने १० नोव्हेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध केला. दुसऱ्याच दिवशी संस्थेने त्यांना निलंबित केले आणि १३ नोव्हेंबरला कामावरून दूर केले. अवघ्या तीन दिवसांत कारवाई! वरवर पाहणाऱ्यास ही तत्परता स्तुत्य वाटेल. परंतु याच संपादकाविषयी २०१० सालीच अनेक कर्मचाऱ्यांनी मनुष्यबळ विभागाकडे तक्रारी नोंदविल्या होत्या. त्या वेळी त्यांना कार्यकारी संपादकपदी बढती मिळत होती आणि तक्रारी होऊनही ती मिळालीच. २०१२ मध्ये एका चित्रकथा-संमेलनातील वर्तनावरून पुन्हा गवगवा झाला, तेव्हा त्यांना एक पायरी खाली आणण्यात आले, एवढेच. सुपरमॅन गट त्यांच्याकडे राहिला. तक्रार करणाऱ्यांपैकी काही जणींनी मात्र कालांतराने संस्था सोडली.

म्हणजे २०१० ते २०१७ या काळात नव्याने काय कळले? संस्थेला जे ठाऊक होते, ते जगाला कळले. एका व्यक्तीचे दुर्वर्तन हा तिचा दोष असतो. पण दुर्वर्तनाची लेखी माहिती मिळाल्यानंतर मालकाने पाळलेले मौन हा मालकाचा दोष असतो, आणि तो अधिक गंभीर मानला पाहिजे. ‘डीसी’ ही काही दोन खोल्यांतून चालणारी संस्था नव्हे. वॉर्नर ब्रदर्ससारख्या बलाढ्य समूहाचा तो भाग आहे. नियमपुस्तिका, विधिज्ञ, मनुष्यबळ विभाग, सारे काही हाताशी होते.

हा प्रकार एकाच संस्थेपुरता मर्यादित नाही. चित्रकथाकारांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी न्यायालयीन लढे देणाऱ्या ‘कॉमिक बुक लीगल डिफेन्स फंड’ या संस्थेच्या कार्यकारी संचालकांवर एका स्त्री कलावंताने २००५ मधील प्रसंगासंबंधी आरोप केला होता. आरोप जुना होता, व्यवसायात सर्वश्रुत होता. तरीही संचालकांचा राजीनामा आला तो जून २०२० मध्ये. इतरांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांना स्वतःच्या अंगणातील गाऱ्हाणे ऐकू येण्यास जवळजवळ पंधरा वर्षे लागावीत, हे विलक्षणच.

असे का घडते, हे समजण्यासाठी या व्यवसायाची घडण पाहावी लागते. मासिक चित्रकथेचा एक अंक अनेक हातांतून जातो. लेखक संहिता लिहितो, एक जण पेन्सिलीने चित्रे रेखाटतो, दुसरा त्यांवर शाई फिरवितो, तिसरा रंग भरतो, चौथा संवादांची अक्षरे बसवितो. यांतील बहुतेक जण संस्थेचे नोकर नसतात; पृष्ठामागे ठरलेल्या दराने काम करणारे मुक्त कलावंत असतात. पुढच्या महिन्याची पृष्ठे कोणाला द्यायची, हे संपादक ठरवितो. त्याला कोणाला काढून टाकावेही लागत नाही. दूरध्वनी केला नाही, की काम संपले. त्यासाठी ना नोटीस, ना कारण, ना कागदावर नोंद. शिवाय कामाची ओळखपाळख कार्यालयात कमी आणि संमेलनांत, तेथील हॉटेलांच्या मद्यगृहांत अधिक होते. तेथे घडलेले ‘कार्यालयाबाहेरचे’ म्हणून झटकून टाकणे सोपे जाते. कलावंताला सहज बदलता येणारी वस्तू समजण्याची ही वृत्ती नवी नाही. जेरी सीगल आणि जो शस्टर या दोन तरुणांकडून सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरांना विकत घेतले गेले, तेव्हापासूनची ती आहे.

कायदाही येथे अपुरा पडला. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये लैंगिक छळ हा भेदभावच होय असे मानले आणि १९९८ च्या दोन निर्णयांनी वरिष्ठाच्या वर्तनाची जबाबदारी मालकावर टाकली. मात्र पीडितेचे नोकरीत प्रत्यक्ष नुकसान झालेले नसेल, तर प्रतिबंधाची वाजवी काळजी घेतल्याचे आणि पीडितेनेच त्या व्यवस्थेचा उपयोग न केल्याचे दाखवून मालकाला बचाव करता येतो. परिणामी प्रत्येक संस्थेत सुबक धोरणपत्रे तयार झाली. ती वापरणाऱ्यांचे काय झाले, हे विचारणारे थोडे. आणि १९६४ च्या ज्या नागरी हक्क कायद्यावर हे निर्णय उभे आहेत, तो नोकरांपुरता आहे. मुक्त कलावंत त्याच्या कक्षेबाहेर राहतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने कंत्राटी व्यक्तीला संरक्षण दिले. चित्रकथांचे माहेर असलेल्या न्यूयॉर्क राज्याला त्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले.

या बाबतीत भारतीय कायदा अधिक दूरदृष्टीचा आहे, हे अभिमानाने सांगता येईल. १९९७ च्या विशाखा निर्णयातून उगम पावलेल्या २०१३ च्या कायद्यात पीडित स्त्री ही त्या संस्थेची नोकर असलीच पाहिजे, अशी अट नाही. हंगामी, कंत्राटी, शिकाऊ, विनावेतन काम करणारी, साऱ्यांचा त्यात समावेश आहे. कामानिमित्त जावे लागेल ते प्रत्येक स्थळ ‘कार्यस्थळ’ ठरते. संमेलनही त्यात येते. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे, त्याहून लहान संस्थांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

अभिमान येथवरच. अंमलबजावणीचे चित्र काय आहे, ते गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेथील चौकशी समितीने घाईने कामकाज उरकले आणि आरोपी प्राध्यापकाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून बडतर्फीचा आदेश रद्द करून चौकशी पुन्हा पुढे चालविण्यास न्यायालयाने सांगितले. कायदा होऊन दशक लोटले तरी समित्यांची स्थिती खेदजनक असल्याचे नमूद करून, त्या सर्वत्र स्थापन झाल्या आहेत की नाहीत, याची पडताळणी करण्याचे आदेशही दिले. खोट्या तक्रारींची भीती दाखवून समित्यांनाच नाके मुरडणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षपूर्वक वाचावे. आरोपीला वाचविते ती नीट चाललेली चौकशी. तक्रार दडपल्याने निर्दोष माणसावरील संशयही तसाच राहतो.

मुंबई-पुण्यातील प्रकाशनसंस्था, ॲनिमेशनचे स्टुडिओ, दिवाळी अंक यांची कामेही पृष्ठागणिक मानधनावरच चालतात. तेथे घरून चित्रे काढून पाठविणाऱ्या किती मुलींना ठाऊक आहे, की दाद मागण्याचा अधिकार त्यांनाही आहे आणि तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते? चित्रकाराच्या करारपत्रात दर असतो, मुदत असते, हक्कांचे कलम असते. समितीच्या अध्यक्षांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्याच कागदावर छापण्यास प्रकाशकाला फार तर दोन ओळींची जागा लागेल.