मुलीच्या धावण्याला रक्ताची अट

ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यात चाका गोपालपूर नावाचे खेडे आहे. तिथल्या एका विणकराच्या घरात सात मुले. मोठी बहीण धावायची, म्हणून द्युतीही धावू लागली. २०१४ साली अठरा वर्षांची द्युती चंद ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेची तयारी करत होती आणि ऐनवेळी तिला संघातून वगळण्यात आले. तिने उत्तेजक घेतले नव्हते, कुणाला फसवलेही नव्हते. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक निसर्गतःच जास्त होते, एवढाच तिचा दोष!

हे संप्रेरक पुरुषांत भरपूर आणि स्त्रियांत थोडे असते. त्याने स्नायू बळकट होतात, रक्तातले हिमोग्लोबिन वाढते. तेव्हा इतर धावपटू मुलींवर अन्याय नको, हे संघटनांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण उंची हीसुद्धा निसर्गाचीच देणगी. तिला कुणी मर्यादा घालते का?

उपचार घेऊन पातळी कमी करण्याचा मार्ग द्युतीसमोर होता. तिने तो नाकारला आणि लोझानच्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. पुढे २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदके मिळवली.

तमिळनाडूच्या शांती सौंदराजनला मात्र कुणी सावरले नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये मिळवलेले तिचे रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले आणि तिची अत्यंत खासगी बाब जगभर चर्चेचा विषय झाली.

नियम बदलतच राहिले. २०२३ मध्ये मर्यादा लिटरमागे २.५ नॅनोमोलवर आली. सप्टेंबर २०२५ पासून तर महिला गटातल्या जागतिक स्पर्धांसाठी आयुष्यात एकदा जनुक चाचणी सक्तीची झाली.

नियम कोणता असावा, हे जाणकार ठरवतील. पण उद्या रायपूरशेजारच्या बीरगांवातली एखादी मुलगी राष्ट्रीय शिबिरात पोहोचली, तर चाचणी कशासाठी आहे, हे तिला तिच्या भाषेत आधी सांगायला हवे. अहवाल तिच्या आणि डॉक्टरांच्या पलीकडे जाता कामा नये. आणि निकाल काहीही लागो, घरी परतल्यावर आईने तिला आधी जेवायला वाढावे, प्रश्न नंतर विचारावेत.