शेवळं खुडली म्हणून चोर?



पहिला पाऊस पडला, शेवळं वर आली. आपल्या दोन पाड्यांच्या बाया पहाटेच जंगलात गेल्या. परतताना गार्डानं अडवलं. टोपल्या उपड्या केल्या, विळे काढून घेतले. "राखीव जंगलात घुसलात, दंड भरा." पैसे घेतले. पावती दिली नाही.

आम्ही विचारतो, घुसलं कोण? १९२७ चा वन कायदा इंग्रजाचा. आपल्या आज्या त्याच्याही आधीपासून याच वाटेनं भाजीला जात होत्या. कागदावर रेघ मारली आणि घरची भाजी चोरीची झाली!

२००६ साली संसदेनं वनहक्क कायदा केला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्यात सुरुवातीलाच कबूल केलंय. कलम ३(१)(ग) पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवा. गौण वनोपजावर आपली मालकी. ते गोळा करायला जंगलात जायचा, वापरायचा, विकायचा हक्क. शिवेच्या आत असो की बाहेर, पूर्वापार जिथून आणलं तिथून. कंदमुळं, औषधी झाडपाला, मध, लाख, तेंदूपानं, बांबूसुद्धा त्यात आलं. जायचाच हक्क आहे, तर घुसखोरी कसली?

साहेब म्हणतात, "तुमचा दावा अजून मंजूर नाही." दावा आम्ही दिला, दाबून कुणी ठेवला? आणि कलम ४ सांगतं, दुसऱ्या कायद्यात काहीही असलं तरी हे हक्क मान्य केले आहेत. ही साहेबाची मेहेरबानी नाही.

एक गोष्ट आपल्यातलीही बोलू. सगळा कंद उपटायचा नाही, हे म्हाताऱ्यांनी शिकवलं. व्यापाऱ्याच्या टेम्पोसाठी ओरबाडणारे आपल्यातही निघालेत. जंगल राखायची जबाबदारी कायद्यानं ग्रामसभेवर टाकलीय. त्यांना ग्रामसभेतच जाब विचारू. त्यासाठी गार्डाची काठी नको.

आता एवढं करा. एकटीनं जंगलात जाऊ नका. माल धरला तर पंचनामा मागा. पैसे मागितले तर पावती मागा. पावती नाही तर पैसा नाही. सामूहिक दाव्यात प्रत्येक भाजीचं, कंदाचं, वाटेचं नाव लिहा. जाणत्या म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घ्या. नियमात तोही पुरावा आहे.

बाजाराच्या दिवशी विळे परत मागायला वनखात्याच्या कचेरीवर जायचंय. प्रत्येक घरातून एक बाई, एक टोपली. यायचंच!

जंगल आमच्या हक्काचं!