मुंबई–नागपूर : अंतर एक, वेळ मात्र वेगळी

मुंबई आणि नागपूर यांमधील हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे व विमान ते साधारण दीड तासात कापते. लोहमार्गाने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते आणि जलद गाडीलाही त्यासाठी सुमारे १२ तास लागतात. २०२५ साली पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने मोटारीचा प्रवास आठ तासांवर आणला. दुचाकीस मात्र त्या रस्त्यावर मज्जाव आहे. शहरे तीच, अंतरही तेच. परंतु ते किती वेळात ओलांडावयाचे हे प्रवाशाच्या खिशावर ठरते.

याचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नाहीत. १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. त्यासाठी मुंबईहून सकाळी निघालेला मंत्री दुपारी सभागृहात उपस्थित राहू शकतो. उलट, मंत्रालयात दाद मागू इच्छिणाऱ्या विदर्भातील शेतमजुराच्या दोन रात्री प्रवासात जातात आणि त्याची मजुरीही बुडते. परळच्या कर्करोग रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णास आरक्षण मिळाले नाही, तर हेच बारा तास त्याला सर्वसाधारण डब्याच्या गर्दीत काढावे लागतात.

वेगाला पैसा पडतो, तेव्हा ज्याला परवडेल त्याने तो घ्यावा, असा युक्तिवाद केला जातो. याच मार्गाचा इतिहास त्याला उत्तर देतो. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी एप्रिलपासून साधे पत्रही जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण अमलात आले. गिरणी कामगाराचे पत्र आणि गिरणीमालकाचे पत्र एकाच पिशवीतून, एकाच वेगाने जाऊ लागले.

पत्राला लाभलेली ही समता माणसालाही देता येते, हे १९७७ साली दिसून आले. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना नागपूरमार्गे मुंबई–हावडा धावणारी गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. अतिजलद असूनही तिला केवळ दुसऱ्या वर्गाचे डबे होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या घालण्याचे कामही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. पुढे गीतांजलीला वातानुकूलित डबे जोडले गेले आणि तिचे वर्गविहीन स्वरूप संपुष्टात आले.

विमानाला किंवा महामार्गाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु दोन शहरे जवळ आली, असा दावा करताना विमानाचे वेळापत्रक पुढे करणे ही दिशाभूल आहे. या मार्गावरील प्रत्येक जलद गाडीला पुरेसे सर्वसाधारण व साधे शयनयान डबे असावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी स्थानकास्थानकावर लावून धरली पाहिजे. सर्वसाधारण डब्यातील प्रवाशाचा वेळ व त्याचे कष्ट जेव्हा कमी होतील, तेव्हाच नागपूर मुंबईच्या जवळ आले असे म्हणता येईल.