तपासणी कोणाची?

परवा इशाच्या नमाजनंतर घरात टीव्हीवर ‘बधाई हो’ लागला होता. लग्नाच्या वयाच्या मुलाची आई पुन्हा पोटुशी! “या वयात शोभते का?” आम्हीच हसत बोलून गेलो. शेजारी बसलेली धाकटी जाऊ मुकाट्याने कपबशा उचलून आत गेली. तिचे वय अडतीस, लग्नाला बारा वर्षे झाली, मूलबाळ नाही. आम्ही जीभ चावली, पण शब्द सुटला होता.

२००८ मध्ये फराह खान यांना वयाच्या ४३ व्या वर्षी तिळी झाली, तेव्हा आम्हीच कौतुक केले होते. मग घरातल्या बाईलाच टोमणा का?

पस्तिशीनंतर बाईची गर्भधारणेची शक्ती कमी होते, हे खरे. पण दोष पुरुषातही असू शकतो. तंबाखूने शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून आज सोडलेल्या सवयीचा फायदा काही महिन्यांनी दिसतो.

सकाळी देवराला म्हटले, “भाई, अमरावतीला तिची चारदा तपासणी झाली. तुमची?” त्यांनी खिशातली खर्र्याची पुडी चाचपली अन् मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात दोघे सोबत जातील, इन्शाअल्लाह. जावेची माफी मागायची मात्र आमच्याकडून अजून राहिली आहे. ती आजच मागू.