नाणं राहू द्या, आधी माल दाखवा



सोयाबीन-तुरीचे पैसे हाती आले की नात्यातलंच कोणीतरी मोबाईल पुढे करतं : “व्याज नाही, हलाल आहे, ब्लॉकचेनवरचं आभासी नाणं आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम येईल.” पैसे देण्याआधी जरा थांबा.

ब्लॉकचेन म्हणजे एकच वही अनेकांकडे असणं. एकाने गुपचूप पान फाडलं तरी बाकीच्यांकडे ते राहतं. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ साली जातीचे दाखले अशा वहीत नोंदवले गेले. इस्लामलाही ही रीत परकी नाही. उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे कुराणातल्या सर्वांत लांब आयतीत सांगितलं आहे.

पण वही खोडता येत नाही, म्हणून तिच्यातलं सगळं खरं असं नाही. कोठार रिकामं असताना शंभर पोती लिहिली, तर ती खोटी नोंदच पक्की होते.

म्हणून तीन प्रश्न विचारा.

माल कुठे आहे? मुराबहा या इस्लामी विक्रीच्या रीतीत वस्तू आधी खरेदी होते, मग नफा सांगून विकली जाते. वस्तूच नसेल तर व्यवहार कसला?

तोटा कोणाचा? मुशारका या इस्लामी भागीदारीत नफा वाटून घेतात, तोटाही भांडवलाच्या वाट्याप्रमाणे सोसतात. ठरलेल्या रकमेची हमी देणारा भागीदारी करत नाही, आमिष दाखवतो. पुण्यात २०१८ साली गुन्हा दाखल झालेल्या गेनबिटकॉइन या योजनेने १८ महिने दरमहा १० टक्क्यांची लालूच दाखवली होती. बंगळुरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीने हलालचं नाव घेतलं. २०१९ मध्ये हजारो घरांची पुंजी अडकली. एकीने तंत्राची भूल घातली, दुसरीने धर्माची.

नोंदणी कुठली? कोणी ‘इस्लामी बँक’ म्हणत असेल तर लक्षात ठेवा, इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच ठरवलं. बँकठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, आभासी नाण्याला नाही. त्याच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. पण कर घेतला म्हणजे सरकारने हमी घेतली असं नव्हे.

उत्तरं कागदावर मागा. टाळाटाळ झाली तर नातं सांभाळा, पैसे देऊ नका. फसलात तर लाजेने गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि आपले पैसे सुटावेत म्हणून शेजाऱ्याला त्यात ओढू नका.