सवलत कोणाच्या पदरात?

आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात 2027 मध्ये 1 टक्का आणि 2030 मध्ये 5 टक्के शाश्वत इंधन (शेती-जंगलातल्या मालापासून, टाकाऊ पदार्थांपासून बनणारे) मिसळण्याचे केंद्राचे लक्ष्य आहे. हे इंधन नेहमीच्याहून कितीतरी महाग. करसवलतीची मागणी होणारच. द्यावीही. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने बनवलेले इंधन मिसळून मे 2023 मध्ये पुणे-दिल्ली विमान उडाले. आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल काढण्याचा कारखाना उभा राहिला आहे, आणि इथेनॉलपासून विमानाचे इंधन होते. उद्या नजर गडचिरोलीकडे वळली तर नवल नाही. इथला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीने वर्षानुवर्षे नेला. गावाच्या हाती आली ती तोडणीची मजुरी. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मिळायला एप्रिल 2011 उजाडले, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा! म्हणून सवलत कारखान्याच्या ताळेबंदावर नको, ग्रामसभेला दिलेल्या भावाच्या पावतीवर हवी. धानाच्या तणसापासूनही इथेनॉल निघते; त्याचेही तेच. तो कचरा नव्हे, बैलांचा उन्हाळ्यातला चारा आहे. गोठ्याची गरज भागून उरेल तेवढेच उचलावे. बांबूची तोड गडचिरोलीतल्या धानोऱ्यात आणि कारखाना दूर कुठे शहराजवळ, अशा प्रकल्पाला तर ग्रामसभेशी लेखी करार झाल्याशिवाय एक रुपयाही माफ करू नये.