जोड वजनावर लावा, निकाल डावावर द्या

प्रति,
बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी परिसरातील कुस्ती मैदानांचे आयोजक, यात्रा समित्या आणि पंच मंडळी

विषय : जोड लावताना व निकाल देताना मल्लाचे वजन, वय, अनुभव आणि दम यांचा विचार किती व कसा व्हावा, याबाबत.

महोदय,

सीमाभागातील तालमींचे वस्ताद व मल्ल यांच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, तो हा मुलूख. इथे आजही जोड नजरेने लागते. पोराला सदरा काढून उभे करायचे, दंड-मांड्या बघायच्या आणि 'बसतंय' म्हणायचे. तोंडी तक्रारी पुष्कळ झाल्या. आता लेखी देतो.

१. वजन : नजर फसते. उंच, सडसडीत मल्ल हलका वाटतो आणि काट्यावर समोरच्यापेक्षा आठ किलो जास्त भरतो. मैदानाच्या दिवशी सकाळी, दोन्ही वस्तादांसमोर वजन घ्यावे आणि ते फलकावर मराठी व कन्नडमध्ये लिहावे. जोडीतला फरक ६० किलोपर्यंत जास्तीत जास्त ३ किलो, ६० ते ८० किलोत ५ आणि त्यापुढे ८ किलो असावा.

ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलला ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो असे सहा गट आहेत. यात्रेच्या मैदानात असे गट पाडणे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच गट न मागता फरकाची मर्यादा मागतो. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत काटा मिळत नाही, ही सबब मात्र चालणार नाही.

२. अनुभव : वजन जुळले म्हणजे जोड जुळली असे नाही. ६५ किलोचा एक गडी पहिल्याच हंगामात उतरलेला असतो, दुसरा पाच हंगाम माती खेळलेला. पहिल्याला घिस्सा डाव कुठून येतो हे कळायच्या आत आभाळ दिसते. मोबाइलवर लढाईचे खेळ खेळणाऱ्या पोरांना विचारा. तिथेही पात्राची ताकद, चपळाई, दम आणि कसब यांचे आकडे वेगवेगळे असतात. लाल मातीत तरी सगळे एकाच नजरेत का मोजावे?

प्रत्येक मल्लाची नोंदवही असावी. तीत वय, वजन, तालमीतली वर्षे आणि मागच्या हंगामातल्या निकाली कुस्त्या, एवढेच लिहावे. पहिल्या हंगामातल्या मल्लाची जोड दुसऱ्या हंगामापुढच्या मल्लाशी लावू नये.

वजनाच्या मर्यादेला एक अपवाद आम्हीच सुचवतो. कसलेला हलका मल्ल जड अंगावर जायला तयार असेल, तर त्याला अडवू नका. डावाने ताकद मोडते, हे बघायलाच लोक येतात. मात्र त्याची स्वतःची आणि वस्तादाची सही घ्यावी. जोड नाकारणारा 'घाबरला' असे माइकवरून सांगण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी.

३. वय : १७ वर्षांखालील मुलांची जोड जन्मदाखला पाहूनच लावावी. फरक दोन वर्षांपेक्षा जास्त नको. इथे सहीची सवलत नाही.

४. दम आणि निकाल : निकाली कुस्ती ही आमची रीत आहे आणि ती आम्हाला हवीच आहे. पण जड मल्ल कब्जा घेऊन अंगावर नुसता भार टाकून बसतो, अर्धा तास जातो आणि पंच बरोबरी जाहीर करतात. यात वजनाला बक्षीस मिळते, कसबाला नाही. १५ मिनिटांत चितपट न झाल्यास पुढची ५ मिनिटे गुणांवर कुस्ती घ्यावी. पहिला गुण घेणारा विजयी. डाव न करता वेळ काढणाऱ्याला एक ताकीद द्यावी, दुसऱ्या वेळी समोरच्याला गुण. वेळ आखलेली असली तर मैदानही रात्रीपर्यंत लांबणार नाही, हा आयोजकांचाच फायदा.

५. इनाम : मोठ्या इनामाच्या कुस्त्या भारी वजनाच्याच असतात, हलके मल्ल दुपारच्या उन्हात, प्रेक्षक जमण्याआधी खेळून जातात. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आजच्या मैदानात त्या वजनाच्या मल्लाला पहिल्या पाच कुस्त्यांत जागा मिळत नाही. त्या पाचांतली किमान एक ६५ किलोखालची असावी. वाढीव खर्चाची गरज नाही, असलेल्या रकमेची वाटणी बदलावी.

६. मैदानात डॉक्टर व रुग्णवाहिका असल्याशिवाय पहिली सलामी होऊ नये.

या मागण्यांवर दिवाळीपूर्वी लेखी उत्तर मिळावे. चर्चेस आम्ही तयार आहोत. फरकाचे आकडे एखाद्या किलोने इकडे-तिकडे करता येतील, काटा आणि नोंदवही यांत तडजोड नाही. उत्तर न आल्यास, वजन न करता लावलेल्या कोणत्याही जोडीत आमच्या तालमींचे मल्ल उतरणार नाहीत.

आपले,
सीमाभागातील तालमींचे वस्ताद व मल्ल